पंडिता रमाबाई : जीवन परिचय (केडगावच्या मुक्तिसदनासह)



पंडिता रमाबाईंवर निबंध किंवा भाषण हवं, अशी मागणी दरवर्षी येते. २३ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल हा स्मृतिदिन, दोन्ही परीक्षेच्या धामधुमीत येतात. मग घाईघाईत आपण मुलांना चार ओळी पाठ करून देतो. संस्कृतच्या विदुषी, कलकत्त्यात मिळालेली पदवी, परदेश प्रवास, शारदासदन, आणि धन्यवाद. मीसुद्धा पाच-सहा वर्षं तेच केलं.

गेल्या वर्षी मात्र थोडं वेगळं झालं. आमच्या शाळेजवळच्या देवळाच्या ओसरीत एक बाई दोन लेकरं घेऊन राहायला आली होती. घर सुटलेलं, नवरा नाही. मोठ्या मुलीला मी वर्गात बसवून घेतलं. गावाने धान्य दिलं, आम्ही शिक्षकांनी कपडे, वह्या, दप्तर दिलं. सगळ्यांना बरं वाटलं. दीड महिन्याने ती कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मुलीचं नाव हजेरीपटावर तसंच राहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण तिला सगळं दिलं, पण तिला लागत होतं ते दिलंच नाही. धाकट्याला सांभाळायला कुणीतरी, सहा महिने डोक्यावर छप्पर आणि हाताला एखादं काम, एवढंच तिला लागत होतं. रमाबाईंचं चरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचायला घेतलं आणि ते मला नवीनच वाटलं. म्हणून हा लेख थोडा लांबला आहे. तुम्ही सवडीने वाचा.

घर नसलेलं बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईने संस्कृत शिकणं म्हणजे पाप समजत. लोकांचा विरोध झाला तरी शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. जंगलातल्या त्यांच्या घरी विद्यार्थी यायचे, यात्रेकरू यायचे, सगळ्यांना जेवण मिळायचं. या पाहुणचारात पैसा संपला, कर्ज झालं आणि घर सोडावं लागलं. रमा तेव्हा काही महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली आणलं.

त्यानंतर या कुटुंबाला कायमचं घर असं मिळालंच नाही. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचं, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची. रमाची शाळा म्हणजे आई. पहाटे आई तिला जवळ घेऊन बसायची आणि संस्कृत श्लोक म्हणून घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले ते असे रस्त्यावर. पालकांनो, आपण मुलाला अभ्यासाची स्वतंत्र खोली नाही म्हणून हळहळतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि आले तरी देणार काय? घरात होतं नव्हतं ते विकलं. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, मग तांब्या-पितळेची गेली, चांगले कपडे गेले. शेवटी अकरा दिवस हे कुटुंब पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर राहिलं. वडील गेले. मग आई गेली. आईची तिरडी उचलायला पुरेसे लोक मिळेनात. एका बाजूला रमाने खांदा दिला, पण ती उंचीने लहान, म्हणून तिला ते ओझं डोक्यावर घ्यावं लागलं. थोड्याच दिवसांनी मोठी बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

आता एक गोष्ट बारकाईने बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे कुटुंब अडाणी नव्हतं. उलट त्या भागात त्यांच्याइतकी विद्या क्वचितच कुणाकडे असेल. तरीही ते उपाशी मेले. रमाबाईंनी मोठेपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात याचं कारण कुठलाही आडपडदा न ठेवता मांडलं आहे. भीक मागायला आणि मोलमजुरी करायला अभिमान आड यायचा, आणि हाताने कमवायची दुसरी कोणतीही कला त्यांच्यापैकी कुणाला येत नव्हती. स्वतःच्या आईवडिलांबद्दल, तेही इतक्या प्रेमळ आईवडिलांबद्दल असं लिहायला धैर्य लागतं. मला विचाराल तर रमाबाईंचं खरं शिक्षण या वाक्यापासून सुरू होतं.

भाऊ-बहीण पुढे हजारो मैल पायी हिंडले, पार पंजाबपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडी इतकी की त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हा प्रसंग वर्गात सांगितला की मुलं एकदम गप्प होतात.

कलकत्ता, लग्न आणि पुन्हा रस्ता

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग तुम्हाला माहीत आहेच. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने वारले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तेविसाव्या वर्षी कडेवर दहा महिन्यांची मुलगी, सासर-माहेर काही नाही. त्या काळात अशा बाईचं काय व्हायचं ते सांगायला नको. रमाबाईंकडे निदान विद्या होती, नाव होतं आणि आता त्यांनी त्याचा उपयोग करायचं ठरवलं. त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

परदेशात काय पाहिलं?

१८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण कानाला कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे ते राहून गेलं. त्याच वर्षी त्यांनी व मनोरमेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यावरून इकडे फार गदारोळ झाला, त्याबद्दल पुढे बोलू.

लंडनमध्ये फुलहॅम नावाच्या भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून बाहेर टाकलेल्या बायकांसाठी ते होतं. त्यांना तिथे कोणी हिणवत नव्हतं. राहायला जागा, काम आणि पुन्हा माणसात जायची तयारी, असं सगळं तिथे होतं. त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. टाकून दिलेल्या बाईला अन्नछत्रात बसवून ठेवायचं नसतं, तिला परत उभं राहायला एक थांबा द्यायचा असतो, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच दोन वर्षांहून जास्त राहिल्या. शिक्षक मित्रांनो, यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण घेतलं. खेळातून, हाताच्या कामातून शिकवणं. आपण डीएडला फ्रोबेल पाठ केला, दोन गुणांची टीप लिहिली आणि विसरलो. रमाबाईंनी ती पद्धत इकडे आणली आणि आपल्या विद्यार्थिनींना शिकवली.

१८८७ साली त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळाने दहा वर्षं पैसे पाठवायचं वचन दिलं. फक्त दहा वर्षं! ही मुदत लक्षात ठेवा.

शारदासदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. विधवांनी तिथे राहायचं, शिकायचं आणि पुढे स्वतःच्या पायावर उभं राहायचं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. बालपणीच वैधव्य आलेलं, उभं आयुष्य सासरी राबण्यात जाणार होतं. भावाने त्यांना इथे आणून सोडलं. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन त्या आनंदीबाई झाल्या. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला तेव्हा आनंदीबाई त्यासाठी वर्गणी गोळा करत फिरल्या. म्हणजे एका घरातून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या घराला आधार झाली. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर जरूर मागवा.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं आणि तिथे वादळ उठलं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली तिथे जाऊन बसत. त्यांचं म्हणणं, मी मुलींना बोलावत नाही, पण येणाऱ्यांना हाकलणारही नाही. वर्तमानपत्रांनी, त्यात 'केसरी' पुढे होता, जोरदार टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं.

हा भाग मुलांना कसा सांगायचा असं काही शिक्षक विचारतात. काही जण तो सरळ गाळतात. मला ते पटत नाही. पालकांनी विश्वासाने पाठवलेल्या मुली आहेत, तेव्हा त्यांची काळजी खोटी म्हणता येत नाही. आणि स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायचा रमाबाईंचा हक्कही खोटा म्हणता येत नाही. सातवीच्या मुलांपुढे दोन्ही बाजू ठेवा, ती छान वाद घालतात. तिसरीला एवढं सांगायची गरज नाही. पण एक प्रश्न मला मोठेपणीही सुटलेला नाही. पुढचं केडगावचं काम तर उघडपणे ख्रिस्ती होतं. तिथे आलेल्या भुकेल्या मुलीला ते नको म्हणायची मोकळीक कितपत असेल? रमाबाईंवर माझी भक्ती असूनही हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही.

केडगाव

अमेरिकेची दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब. नुसत्या देणग्यांवर उभं असलेलं घर किती टिकतं हे गंगामूळच्या मुलीला वेगळं सांगायला नको होतं.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं चित्र त्यांना समोर दिसलं असणार. सुमारे तीनशे बायका-मुली त्यांनी आणल्या. पण त्याच वेळी पुण्यात प्लेग, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. मग सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. इमारत नव्हती. तंबू आणि गवताच्या झोपड्या. अशी सुरुवात झाली आणि १८९८ मध्ये मुक्तिसदनाची पायाभरणी झाली.

आलेल्या मुलींची अवस्था ऐका. हाडांचे सापळे, अंगावर जखमा, केसांत उवा. जेवण वाढलं की एकमेकींवर तुटून पडायच्या. उद्या मिळेल यावर विश्वासच नाही, म्हणून भाकरी लपवून ठेवायच्या. भुकेलं मूल वर्गात कसं वागतं हे ज्या शिक्षकांनी पाहिलं आहे त्यांना हे नवं नाही. रमाबाईंनी काय केलं? शारदासदनातल्या जुन्या विद्यार्थिनींकडे या मुलींचे लहान लहान गट सोपवले. एकीने आपल्या गटाची आंघोळ, जेवण, औषध, अक्षरओळख सगळं पाहायचं. ज्या काल आधार शोधत आल्या होत्या त्या आज कुणाची तरी आई झाल्या.

आणि मग काम. काही तास शाळा आणि काही तास काम. हातमागावर लुगडी विणायची. तेलाचा घाणा होता. गोठा होता, शेत होतं, विहिरी होत्या. शिवण, वेताचं काम, धुलाई होती. पुढे छापखाना आला आणि मुली खिळे जुळवायला शिकल्या. अंध मुली ब्रेल लिपीत वाचायला शिकल्या आणि हाताने वस्तू बनवू लागल्या. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन, थकलेल्या म्हाताऱ्या बायकांसाठी प्रीतिसदन. मुलगे होते त्यांच्यासाठीही वेगळी सोय होती. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आलेल्या धरून इथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. एवढ्यांचा रोजचा स्वयंपाक डोळ्यापुढे आणा. आपल्याला पोषण आहाराचे दीडशे डबे सांभाळताना नाकी नऊ येतात.

कुणी म्हणेल, एवढी कामं कशाला, मुलींना शिकवलं की पुरे. पण वर सांगितलं ते आठवा. तोंडपाठ भागवत असूनही जे कुटुंब उपाशी मेलं त्यातून वाचलेली ही बाई होती. मुक्तिसदनात पुस्तक आणि हातमाग शेजारी ठेवले गेले ते यामुळे. त्यांनी पुस्तक सोडलं असंही नाही. बायबलचं सोप्या मराठीत, साध्या बायकांना कळेल असं भाषांतर त्या अनेक वर्षं करत होत्या. त्यासाठी त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासल्या, आणि छपाईचं काम मुक्तिसदनातल्याच मुलींनी केलं. कधी काळी भाकरी लपवणाऱ्या मुली!

सगळ्याच जणी शिकून बाहेर पडल्या असं मी लिहिणार नाही. काही शिक्षिका झाल्या, काही परिचारिका झाल्या, काहींची लग्नं झाली, कित्येक जणी मात्र आयुष्यभर केडगावलाच राहिल्या. बाहेरच्या समाजात त्यांना जागाच नव्हती. कुणी पळूनही गेल्या. अशा घरातून बाहेर पडायला दार तर हवंच, पण दाराबाहेर कुणीतरी घ्यायलाही हवं. ते रमाबाईंच्या एकटीच्या हातात नव्हतं.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. मनोरमा आईचं काम पुढे चालवणार असं सगळ्यांना वाटत होतं, पण १९२१ च्या जुलैत ती आईच्या आधी गेली. आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंचं निधन झालं. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. ते मिळालं तर फलकावर लावा, मुलांना आवडतं.

भेट द्यायची असेल तर एक सूचना. केडगाव दोन आहेत. अहिल्यानगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. आमच्या एका सहकाऱ्यांनी गाडी ठरवताना हा घोळ घातला होता. मुक्तिसदनाची संस्था आजही तिथे चालू आहे. सहल नेण्याआधी परवानगी मात्र विचारा, तिथे माणसं राहतात.

वर्गात हा पाठ झाल्यावर मी एक छोटा उपक्रम घेतला, तुम्हीही घेऊन बघा. मुक्तिसदन आज आपल्या गावात असतं तर तुमच्या घरातलं कोण तिथे काय शिकवू शकलं असतं, ते लिहून आणायचं. भाकरी, गोधडी, पंक्चर काढणं, शेळीची धार, मोबाइल दुरुस्ती असं बरंच आलं. आमच्याकडे हंगामी वसतिगृहात राहणारी ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. त्यातल्या एका मुलीने लिहिलं, आईला उसाची मोळी फार चांगली बांधता येते, पण ती म्हणते हे काम कुणाला शिकवू नको. मी ती वही तपासली नाही. तशीच ठेवून दिली आहे.